स्मरणिकेसाठी गावाचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

पाचट

राम राम मंडळी,

आमच्या ग्रामदैवताच्या जीर्णोद्धाराला पुढच्या चैत्रात पंचवीस वर्षं होतायत. त्यानिमित्त यात्रा कमिटी स्मरणिका काढणार आहे. 'तू पेपरात पत्रं पाठवत असतोस, तूच लिही' म्हणून इतिहासाची वीस पानं माझ्या गळ्यात आली आहेत. बाकी सगळी पानं जाहिराती, शुभेच्छा आणि मान्यवरांचे फोटो.

कमिटीने आराखडाही देऊन ठेवलाय. पान एक: वनवासात पांडव इथे मुक्कामाला होते. पान दोन: शिवाजी महाराजांनी स्वारीवर जाताना इथल्या ओढ्यावर घोड्याला पाणी पाजलं. पान तीन ते अठरा: देवस्थान. शेवटची दोन पानं: 'विकासाकडे वाटचाल', म्हणजे कुठल्या आमदाराच्या काळात कुठला रस्ता झाला ते.

माझं म्हणणं वेगळं आहे. आज गावात मार्केट यार्ड आहे, कॉलेज आहे, ट्रॅक्टरची शोरूम आहे. पण माझ्या पणजोबांच्या वेळी ही थोड्या उंबऱ्यांची वाडी होती. कालवा आला, ऊस आला, बाजार भरायला लागला, मग बाहेरून माणसं येत गेली. आज स्वतःला मूळचे म्हणवणाऱ्या कितीतरी घरांची कुलदैवतं दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. म्हणजे आमचा खरा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा, आणि तो पाण्याचा नि बाजाराचा. बैठकीत हे बोललो तर एक ज्येष्ठ म्हणाले, "म्हणजे आपल्या गावाला इतिहासच नाही असं छापणार का?"

शेतीवर उभ्या राहिलेल्या अशा छोट्या गावाचा इतिहास शोधायचा कुठे? त्यात घ्यायचं काय? तुमच्याकडे कुणी असं केलंय का?

चावडीवरचा

महाराष्ट्रातल्या सगळ्या गावांचे मुक्काम मोजले तर पांडवांना बारा वर्षं पुरायची नाहीत. त्यात प्रत्येक ठिकाणी एका रात्रीत देऊळ बांधायचं, आणि कळस चढवायची वेळ झाली की कोंबडा आरवणार. आधी त्या कोंबड्याचा इतिहास लिहा.

ओढ्याकाठी

आमच्याकडे भीमाचं जेवणाचं ताट आहे. नदीच्या खडकातला रांजणखळगा आहे तो, पण हे गावात बोललात तर तुमचंच जेवण बंद.

जुनेदप्तर

पाचटभाऊ, विषय चांगला काढलात. जरा लांब लिहितो.

पहिली पायरी गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजांनी काढलेले जिल्ह्यांचे माहितीग्रंथ. कॅम्पबेलच्या देखरेखीखाली निघालेले मुंबई इलाख्याचे जुने खंड सगळ्यांत उपयोगी: खानदेश १८८०, नाशिक १८८३, नगर आणि सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५. शेवटच्या भागात गावांची नोंद असते. बाजाराचा वार, लोकसंख्या, शाळा, धर्मशाळा, देऊळ, नगरपालिका असेल तर तिचं उत्पन्न. तुमचं गाव तेव्हा वाडी होतं, म्हणजे त्यात सापडणार नाही. ही सुद्धा माहितीच आहे! १८८४ च्या यादीत बाजाराचं गाव म्हणून आजूबाजूची कुठली नावं आहेत ते बघा. तुमच्याकडचा बाजार कुणाचा ओढून आणलेला आहे ते तिथेच कळेल. फक्त एक ध्यानात ठेवा, हे ग्रंथ साहेबाने महसुलासाठी लिहून घेतलेले आहेत. त्यातली जातींची वर्णनं जशीच्या तशी उचलू नका.

दुसरी पायरी फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. सातबारा सगळे बघतात, फेरफार कुणी वाचत नाही. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, वारसाने, विक्रीने, गहाणाने की कुळकायद्याने, हे ओळीने लिहिलेलं असतं. कुठल्या वर्षांत विक्रीच्या नोंदींची रांग लागते ते काढा आणि दुष्काळाच्या वर्षांशेजारी ठेवा. मग १ एप्रिल १९५७ नंतरच्या नोंदी बघा, कसेल त्याची जमीन गावात कितपत उतरली ते दिसेल. बऱ्याच जिल्ह्यांचं स्कॅनिंग झालंय, 'आपले अभिलेख' वर थोडे पैसे भरून मिळतं.

तिसरी पायरी शाळेचं जनरल रजिस्टर. मुलाचं नाव, जन्मगाव, बापाचा धंदा. बाहेरून माणसं कधी आली ते यात उघड दिसतं, कारण जन्मगावाच्या रकान्यात एकदम नवी नावं यायला लागतात.

चौथी, कालव्याचं गाव म्हणजे पाटबंधाऱ्याचे जुने नकाशे.

चाळीतलाकांदा

जुनेदप्तर यांना दंडवत. वाचनखूण साठवली.

माझी भर रेल्वेची. आमच्या निफाड तालुक्यात विंचूर हे विंचूरकर सरदारांचं नावाजलेलं ठिकाण. पण १८६० च्या दशकात लोहमार्ग गेला लासलगावावरून. आज कांद्याचा भाव म्हटलं की देश लासलगावकडे बघतो. बाजार समिती १९४७ ची, कांद्यावर विकिरण करणारं अणुऊर्जा खात्याचं केंद्र २००२ चं. तसंच श्रीरामपूर. मूळचं जुनं गाव प्रवरेकाठचं बेलापूर. दौंड-मनमाड मार्ग १८७८ ला सुरू झाला, स्टेशन गावापासून लांब पडलं आणि स्टेशनाभोवतीची वस्तीच पुढे तालुक्याचं शहर झाली. स्टेशनाचं नाव बेलापूर, गाव श्रीरामपूर, नवखा प्रवासी अजून गोंधळतो.

थोडक्यात, गाडी जिथे थांबली तिथे गाव.

भगवंतनगरी

चाळीतलाकांदा, इतकं सरळ नाही हो. आमची बार्शी बघा. मुंबई-सोलापूर लोहमार्ग बार्शीला टाळून गेला. तरी पेठ मेली नाही. कापूस, धान्य, गळितं, सगळं बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत जायचं. एवढा माल बघून काल्थ्रोप नावाच्या इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे काढली, १८९७ साली. आमच्याकडे रेल्वेमुळे बाजार आला नाही, बाजारामुळे रेल्वे आली.

पुढे १९११ मध्ये तीच गाडी लातूरला पोचली आणि लातूरची पेठ वाढायला लागली. म्हणजे आम्हीच आमच्या पायावर... जाऊ द्या.

चाळीतलाकांदा

बार्शीचं मान्य. पण पेठ तगली ती बार्शी आधीच मोठी होती म्हणून. वाडीचं काय? पाचट यांच्यासारख्या ठिकाणी बाहेरून काहीतरी यावंच लागतं. रेल्वे, कालवा, नाहीतर कारखाना.

भगवंतनगरी

आणि आलेलं जाऊही शकतं. छोटी गाडी बंद होऊन ब्रॉडगेज झालं, तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसं खरोखर हळहळली. चालत्या गाडीतून उतरून, ओढ्यावर हातपाय धुऊन पुन्हा चढता यायचं म्हणतात. (हे मात्र पांडवांच्या देवळासारखंच. सगळ्यांच्या आजोबांनी केलेलं, पाहिलेलं कुणीच नाही.)

नीरापाळी

कालव्याच्या गावाला कालव्यावरचा माणूस उत्तर देतो.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा. तेव्हाच्या सरकारचा हिशेब दुष्काळाचा होता: १८७६-७८ च्या दुष्काळात माणसं मेली, आता जिराईत पट्ट्याला पाणी देऊन ज्वारी-बाजरी वाचवायची. लोकांनी केलं भलतंच. पाऊस बरा झाला की ज्वारीला पाणी कोण घेतो? पाणी पडून राहायला लागलं. मग उसाकडे वळले. विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत याच कालव्यावरची, म्हणजे एका गटात ठरलेल्या क्षेत्रालाच ऊस, बाकीचं हंगामी.

आणि ऊस लावला कुणी? सुरुवातीला स्थानिकांनी कमी. सासवडकडची माळी मंडळी बागायतीत मुरलेली. त्यांनी कालव्याकाठी खंडाने जमिनी घेतल्या, गुऱ्हाळं टाकली, कालवा पुढे सरकेल तसे पुढे सरकले. माळशिरस तालुक्यातलं माळीनगर आणि तिथला सासवड माळी कारखाना ही त्याचीच परिणती. प्रवरेकडेही तसंच. भंडारदरा १९२६ ला पुरं झालं, मग उसाचा पट्टा, मग १९५० ला लोणीचा सहकारी कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा.

तेव्हा पाचटराव, तुमच्या गावात आधी कोण आले ते शोधताना खंडकरी शोधा. आणि कालव्याने फक्त दिलं असंही लिहू नका. पाझराने चोपण झालेली, पांढरी फुटलेली रानं कालव्याखालच्या प्रत्येक गावात आहेत. ज्यांची जमीन कालव्याच्या वर होती आणि कोरडीच राहिली, त्यांच्या घरीही जाऊन या. एकाच गावात पाटाच्या वरचे आणि पाटाच्या खालचे अशा दोन जाती झाल्या, सोयरिकीसुद्धा त्या हिशोबाने जमायच्या. रात्रीच्या पाळीला बारं फोडण्यावरून झालेल्या मारामाऱ्या घातल्या तर वीस पानं त्यातच संपतील.

चावडीवरचा

पाटकऱ्याचा (पाटाचं पाणी सोडणाऱ्याचा) फोटो मान्यवरांत घ्या. गावात आमदारापेक्षा त्याच्यापुढे जास्त माना झुकल्यात.

पूर्वेचीआळी

धागा वाचतोय. सगळे पाण्यावर बोलताय तर पाण्याचंच विचारतो. कालवा आला तेव्हा गावात पाणवठे किती होते आणि कुणाचा कोणता होता, हे वीस पानांत येणार का?

आमची वस्ती गावाच्या पूर्वेला. बहुतेक गावांत तिथेच असते, कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबा येसकर होते. गावची राखण, सरकारी टपाल पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळणं. बदल्यात हाडकी-हाडवळ्याचा, म्हणजे वतनाच्या जमिनीचा, तुकडा आणि दारोदारची भाकरी. पाटलाचा वाडा कधी बांधला ते प्रत्येक स्मरणिकेत असतं. वाड्याची माती कुणी वाहिली ते कधीच नसतं.

बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करायला १९२८ मध्ये विधेयक आणलं होतं. कनिष्ठ वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. पण आमच्या आळीने कायद्याची वाट पाहिली नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर ढोरं ओढणं बंद, भाकरी मागणं बंद. गावाने किराणा बंद केला, दळण बंद केलं, रानातून वाट बंद केली. म्हाताऱ्या माणसांनी ते दिवस कसे काढले हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. गावाच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे की नाही, ते कमिटीला विचारा.

शिवारसमृद्ध

पूर्वेचीआळी, तुमच्या भावनांचा आदर आहे. पण स्मरणिका देवाच्या निमित्ताने निघते. त्यात जुनी उणीदुणी कशाला? पूर्वी अलुतेदार-बलुतेदार सगळे गुण्यागोविंदाने राहत, प्रत्येकाला यात्रेत मान होता. आता कुठे गावं एकत्र आलीत. जोडणारं लिहावं.

पूर्वेचीआळी

मान होता, बरोबर. देवळाच्या पायरीखाली होता.

जुनेदप्तर

शिवारसमृद्ध, गुण्यागोविंदाची गोष्ट कागद सांगत नाहीत. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ चं. ते स्वतः महसूल खात्यात होते. बलुत्यावरून, मानपानावरून चालणारी ओढाताण त्यांनी तेव्हाच लिहून ठेवली आहे. पेशवे दप्तरात तर मानपानाच्या तंट्यांचे महजर (निवाड्याचे कागद) ढिगाने आहेत. पोळ्याला कुणाचा बैल पुढे, होळीला पहिला नैवेद्य कुणाचा. लोक यासाठी पिढ्यान् पिढ्या भांडलेत.

ओढ्याकाठी

पोळ्याच्या बैलावरून आमच्याकडे अजून पोलीस बंदोबस्त लागतो. इतिहास चालू आहे.

शिवारसमृद्ध

मी लिहू नका म्हणत नाही. देवाच्या पुस्तकात की वेगळ्या पुस्तकात, एवढाच प्रश्न आहे माझा.

रानवेल

वेगळं पुस्तक कधी निघत नाही हो दादा. म्हणूनच यात हवं.

आता माझी तक्रार. आत्तापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत बाई कुठेय? सातबारावर शोधू नका, तिथे नसतेच. असली तर 'विधवा' किंवा 'अज्ञान पालन करणार आई' म्हणून.

मी आमच्या गावात आज्यांकडे बसून लिहून घेतलंय. त्यांना 'गावाचा इतिहास सांगा' म्हटलं की म्हणतात, "आम्हाला काय ठावं, मालकास्नी इचार." पण 'गावात पिठाची गिरणी कधी आली?' विचारा. घडाघडा बोलतात. गिरणी येईपर्यंत पहाटे जात्यावर बसायचं, ओव्या तिथल्या. गिरणी आली आणि पहाटेची झोप मिळाली, ओव्या गेल्या. एकीला मी म्हटलं, ओव्या गेल्या याचं वाईट वाटतं का? म्हणाली, "तू दळ आठवडाभर, मग सांग."

दुसरा प्रश्न विचारा बहात्तरचा. १९७२ च्या दुष्काळात पुरुषांच्या बरोबरीने बाया खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीवर गेल्या. चांगल्या घरच्यासुद्धा, डोक्यावर पदर ओढून, ओळखीच्या गावापासून लांबच्या कामावर. खायला सुकडी, मिलोची लाल ज्वारी. पुष्कळजणींच्या हातात स्वतःची मजुरी पहिल्यांदा पडली ती तेव्हा. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, पण गावागावांतली त्याची सुरुवात ही. तुमच्या गावचा पाझर तलाव कुठल्या वर्षीचा ते बघा, आणि ज्या आज्या हयात आहेत त्यांना तिथे घेऊन जा. घरात बोलणार नाहीत तेवढं बांधावर बोलतील.

चाळीतलाकांदा, तुमच्या लासलगावजवळच चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं. तुम्ही रेल्वे सांगितलीत, ते नाही सांगितलंत.

चाळीतलाकांदा

:) आई गेली होती त्या अधिवेशनाला. बैलगाडी आणि ट्रॅक्टरवरून बाया निघाल्या होत्या. घरी आठ दिवस वडिलांचा स्वयंपाक. कांदा होताच म्हणा.

तेरणाकाठ

मराठवाड्याकडून राम राम. आमच्याकडचं दप्तर वेगळं आहे, तिकडच्या लोकांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो. निजामी अमलातले कागद उर्दूत. पुण्या-साताऱ्याकडे मोडीवाला शोधता, आम्ही उर्दू वाचणारा म्हातारा शोधतो. जमिनीसाठी १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक हा आमचा पाया. त्याच्या मागे गेलं की जहागीर, इनाम, देशमुखी, सगळा गुंता.

आणि सप्टेंबर ४८ चं विचाराल तर जपून विचारा. रझाकारांचं लोक मोठ्याने सांगतात. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौज आल्यावर, गावात काय झालं, ते दुसऱ्या आळीतली माणसं हळू आवाजात सांगतात. लिहायचं तर दोन्ही लिहा, नाहीतर दोन्ही ठेवा.

दुसरं सांगायचं ते भूकंपाचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले. माझं आजोळ किल्लारीच्या बाजूचं. नवी गावं बसवली ती चौकोनात. रुंद रस्ते, घरापासून घर लांब, सगळं वाऱ्याउजेडाचं. जुनं गाव म्हणजे दगडामातीचे वाडे, अरुंद बोळ, भिंतीला भिंत. त्या जाड भिंतींनीच माणसं मारली हे खरंय, म्हणून जुन्याचं कौतुक करवत नाही. पण मामी म्हणायची, जुन्या गावात भांडायलासुद्धा उंबरा सोडावा लागत नव्हता. इथं भांडायचं तरी चालत जावं लागतं.

बोडीवाला

विदर्भाले विसरले का बावा सगळे? आमच्या भंडारा-गोंदियाकडे पाटील-कुलकर्णी नाही, मालगुजार. १९५१ ले मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. ते माजी मालगुजारी तलाव, सगळे मामा तलावच म्हणतात. धानाची शेती त्याच्यावर. गावाचा इतिहास पायजे तर तलावाची पाळ कोणी बांधली, गाळ कोण काढे, मासोळी कोणाची, पाणी पहिले कोणाच्या बांधीत जाये, हे इचारा. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढा, गावाचे हक्क लेखी भेटतात.

आणि बाजार समितीचं म्हणाल तर नियंत्रित बाजाराची सुरुवात आमच्या वऱ्हाडातली. कारंजाचा कापूस बाजार, १८८६. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला, वऱ्हाडचा वधारला, मागोमाग रेल्वे, जिनिंग, पेठा. आमचे बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेवाले अजून गाडीची वाट पाहून राहिले.

तोलारकाटा

बाजार समितीचा विषय निघालाच आहे. आमची तीन पिढ्यांची आडत आहे, पहिल्यांदाच लिहितोय इथे.

समित्या येण्याआधी भाव रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि आडत्या एकमेकांचा हात उपरण्याखाली धरून बोटांनी भाव ठरवणार, शेतकरी बाजूला उभा. त्याला फक्त शेवटचा आकडा कळायचा. वर कटती, नमुन्याच्या नावाने ओंजळ, धर्मादाय, गोशाळा. १९३९ चा मुंबई इलाख्याचा कायदा आणि मग राज्याचा १९६३ चा, त्याने उघडा लिलाव आला. बैलबाजारात रुमाल अजून दिसतो.

आजोबांच्या वह्या माझ्याकडे आहेत. कुठल्या गावाहून कुठला माल कधी यायला लागला ते त्यात तारखेने सापडतं. आधी ज्वारी-करडई, मग गूळ, मग एकदम कांदा, आता सोयाबीन. पाचट यांनी गावातल्या जुन्या पेढ्यांकडे मागून बघावं. मात्र लगेच कुणी देणार नाही. त्यात लोकांची उसनवारी आहे, आणि ती नावं अजून गावात नांदतायत.

चावडीवरचा

सुप्याला १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतांची होळी केली होती, म्हणून पेढीवाले घाबरत असतील.

तोलारकाटा

:) आमच्या आजोबांनी एकच प्रत ठेवली असती तर घाबरलो असतो.

उजनीफुगवटा

उशिरा आलोय, पण एक कागद अजून कुणी सांगितला नाही.

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. धरण १९८० चं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, लोक फोटो काढायला येतात. आम्ही मात्र आमच्या भिंती शोधत फिरतो. आता त्या गावात मागे काहीच नाही. ना पार, ना चावडी. पण माझ्याकडे गावाचं इतकं बारीक वर्णन आहे की उभ्या गावांकडेही नसेल. ते म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. मोबदला द्यायचा म्हणून सरकारने घर अन् घर मोजलं. भिंत दगडी की मातीची, खण किती, छप्पर धाब्याचं की पत्र्याचं, विहीर बांधीव की कच्ची, आंबे किती, बोरी किती. कुणाच्या घराला किती मिळाले हे वाचलं की गावाची उतरंड डोळ्यांपुढे उभी राहते. आळीवार.

पाचट, तुमच्याकडे कालवा आहे म्हणजे कालव्यासाठी जमीन घेतलेली आहे. तिचेही निवाडे असणार. जमीन कुणाची गेली आणि पाणी कुणाला मिळालं, हे दोन कागद शेजारी ठेवून वाचा.

नीरापाळी

हे भारी आहे. मलाही सुचलं नव्हतं.

फडावरचा

सगळे फार गंभीर झालात. यात्रेची स्मरणिका आहे ना? मग यात्रेच्या वर्गणीच्या वह्या काढा की! कुठल्या साली कोण दुकानदार होता, कुणी किती दिले, कुणी नारळावर भागवलं, तमाशाची सुपारी केवढ्याला ठरली, पहिली कुस्ती किती इनामाची. आमच्याकडे पाडव्याला नारायणगावला राहुट्या लागल्या की पंच मंडळी सुपारी द्यायला जायची, त्या प्रवासखर्चाच्या पावत्यासुद्धा आहेत. एका साली खर्चात लिहिलंय, 'पंचांचे जेवण, इतर'. त्या 'इतर'वर गावात दोन पॅनेल पडली.

रानवेल

पंचांचं 'इतर' सगळीकडे सारखंच.

पाचट

मंडळी, चार दिवस इकडे फिरकलो नाही कारण खरोखर कामाला लागलो होतो. सगळ्यांचे आभार.

बैठक झाली. उजनीफुगवटा म्हणाले तसा कालव्याच्या संपादनाचा कागद मागवायला अर्ज दिलाय. शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांनी त्यांच्यासमोर बसून बघू दिलं. जन्मगावाच्या रकान्याचं जुनेदप्तर यांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. कालवा सुरू झाल्यावर एका पट्ट्यात सगळी पुरंदरकडची, म्हणजे सासवडच्या बाजूची, गावं. त्यांतल्याच एका घरातले ते ज्येष्ठ, 'इतिहासच नाही का' म्हणणारे! त्यांना नोंद दाखवली. बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग आजोबा बैलगाडीतून काय काय घेऊन आले होते ते सांगायला लागले. आता तेच म्हणतायत, कालव्याला दोन पानं कमी पडतील.

पांडव काही हटत नाहीत. 'लोक असं सांगतात' या मथळ्याखाली अर्ध्या पानावर तडजोड झाली. महाराजांच्या घोड्याचंही तिथेच.

पूर्वेचीआळी, पाणवठ्यांचं पान मी लिहायला घेतलंय. बैठकीत दोघांनी विरोध केला. एक जण म्हणाला, छापलं तर जाहिरात काढून घेतो. अजून मिटलेलं नाही. तुमच्या आळीसारख्या आमच्या गावच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी बोलायचं कबूल केलंय, पण एकाची अट आहे, लिहिलेलं छापायच्या आधी वाचून दाखवायचं.

पूर्वेचीआळी

वाचून दाखवा. आणि त्यांनी खोडलं तर खोडा, पण तुमच्या कमिटीने खोडलं तर इथे येऊन सांगा.

शिवारसमृद्ध

जाहिरात काढून घेणं बरोबर नाही. ते पान सगळ्या गावाचं म्हणून जाऊ द्या. माझा विरोध समजू नका.

पाचट

धन्यवाद. एक शंका राहिली. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, कोतवाल बुक म्हणतात ते, कुठे मिळेल? प्लेगात आणि १९१८ च्या तापात गावातली किती माणसं गेली ते बघायचं होतं. आमच्याकडे प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याचं सांगतात.

जुनेदप्तर

गाव नमुना १४. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, गावाचं जुनं नाव आणि जुना तालुका दोन्ही लिहा, तालुके मधे बदललेले असतात. जुनी पानं मोडीत असतील. आणि वाचणारा आधी गाठा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडीवाल्यांना मान वर करायला फुरसत नाही.

फडावरचा

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी आहेत, मोडी वाचतात. पैसे घेत नाहीत, पण जेवायला बसवावं लागतं आणि जेवताना पेशवाईवर ऐकून घ्यावं लागतं. चालत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पाचट

व्यनि केलाय. जेवणाचा खर्च कमिटीच्या 'इतर' मध्ये टाकतो.